अ‍ॅडमिनभाऊ

संग्रामपूर तालुका एका जागी सापडत नाही. तहसील कचेरी संग्रामपुरात, बाजार वरवट बकालला, पोलीस ठाणं तामगावला, वाघ अंबाबरव्याच्या जंगलात आणि देव शेगावला. (सोनाळ्याच्या सोनाजी महाराजांचे भक्त शेवटच्या कलमावर हरकत घेतील. ती मान्य.) दिवसात चार कामं निघाली तर माणसाला चार गावं फिरावी लागतात. त्यातल्या त्यात सोय म्हणजे बस स्टँडजवळचं ते आठ बाय दहाचं दुकान. सातबारा, आठ-अ, पीक विमा, रिचार्ज, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन एवढं पाटीवर लिहिलंय. न लिहिलेलं काम आत बसल्यावर कळतं. तुमचा आधार क्रमांक टाइप करता करता दुकानदार एकाएकी बोट वर करतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "थांबा जी. इथं संबळ येते."

संबळ येते, जाते. मग आधार क्रमांक पुन्हा पहिल्या आकड्यापासून.

हा अ‍ॅडमिनभाऊ. त्याचं खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नाही. वय चाळिशीचं, पोट वयाच्या थोडं पुढं, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. एक धंद्याचा, एक ग्रुपचा. धंद्याचा वाजला तर तो बघतो आणि ठेवून देतो. ग्रुपचा वाजला की उभा राहतो. अजय-अतुलच्या चाहत्यांचा हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यानं काढला, त्यानं वाढवला आणि आता तो ग्रुपच त्याला चालवतो. मी शाळामास्तर. संगीतातलं मला एवढंच कळतं की प्रार्थना संपली की मुलं खाली बसतात. तरीही मी त्या ग्रुपमध्ये आहे, कारण पीक विम्याच्या ओटीपीसाठी एकदा त्याला नंबर दिला होता.

महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याला असा एक भक्त असतो. कुणी पुढाऱ्याचा, कुणी नटाचा, कुणी क्रिकेटवाल्याचा. पुढाऱ्याच्या भक्ताला निदान फ्लेक्सवर खालच्या ओळीत चेहरा मिळतो आणि नशिबात असलं तर एखाद्या नालीचं कंत्राट. नटाच्या भक्ताला पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला शिट्टी मारता येते. संगीतकाराच्या भक्ताच्या हाती काय लागतं? त्याचा देव मतं मागत नाही, षटकार मारत नाही, आणि पडद्यावर त्याचं नाव येतं तेव्हा लोक अंधारात खुर्ची चाचपत असतात. त्यातून अ‍ॅडमिनभाऊनं निवडले ते दोन. खर्च दुप्पट, प्रसाद तेवढाच.

ग्रुपचे नियम त्यानं लॅमिनेट करून दुकानात लावलेत. सुप्रभात चालणार नाही. राजकारण चालणार नाही. गजानन महाराजांचा फोटो फक्त गुरुवारी. श्रद्धांजली वाहायची तर ती वादकालाच. कुणाच्या मावससासऱ्याला नाही. आणि सगळ्यात कडक नियम असा की अजय आणि अतुल यांच्या मधे आडवी रेघ पाहिजेच. रेघ विसरणाऱ्याला ताकीद मिळते. नुसतं 'अजय' लिहून थांबणाऱ्याला एक दिवस बाहेर बसवतात. "दोघायच्या मधात जागा सोडली का तिसरा घुसते," हे त्याचं कारण. बाहेर बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात येतो, रिचार्ज मारतो, मुकाट्यानं परत आत जातो. यात धंदा किती आणि भक्ती किती हे मी तपासलेलं नाही.

हा ग्रुप एका दिवसात उगवला नाही. त्याची मुळं मेमरी कार्डात आहेत. स्वस्त इंटरनेट यायच्या आधी तालुक्यातली सगळी पोरं त्याच्याकडं कार्ड भरायला येत. कुणाला डीजेची गाणी हवी, कुणाला लावण्या, कुणाला किशोरकुमार. अ‍ॅडमिनभाऊ सांगितलेलं सगळं भरून द्यायचा आणि शेवटी स्वतःच्या मर्जीचं एक गाणं फुकट टाकायचा. डीजेवाल्याच्या कार्डात 'जीव रंगला', भजनवाल्याच्या कार्डात 'माउली माउली', वरातीच्या बँडवाल्याला 'कोंबडी पळाली'. (गाण्याचं नाव तो स्वतः 'कोंबडी पयाली' असंच घेतो आणि मुंबईच्या माणसानं ते चुकीचं छापलं असं समजतो.) पोरं आधी वैतागली, मग दुसरं गाणं मागायला आली. तालुक्याची आवड अशी चोरून भरली गेली. २००६च्या 'जत्रा'तली हीच कोंबडी २०१२ साली 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली, तेव्हा त्यानं दुकानासमोर पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, काय झालं? "आपली पोरगी मोठ्या घरी पडली," म्हणाला.

'जोगवा'च्या वेळी मात्र त्याला पेढे पुरले नाहीत. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार अजय-अतुलला मिळाला, शिवाय 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही गायनाचे पुरस्कार. एका गाण्यावर गायक-गायिका दोघांना. यातलं कुणाच्या नावानं किती वाटायचं याचा हिशेब लागेना, म्हणून त्यानं शेवटी गूळ वाटला.

मग आला 'सैराट'. २९ एप्रिल २०१६. आम्ही काही जण उन्हातान्हात खामगावला गेलो होतो. परतताना गाडीत कुणी बोलेना. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट सांगायला नको, आणि न पाहिलेला माणूस आमच्याकडं सापडणार नाही. सगळ्यांचे डोळे सुजलेले. अशात हा मागं वळून विचारतो, "आयकलं का?"

"काय?"

"शेवटाले कायीच नाही वाजवलं. एक सूर नाही. पाह्यलं का?"

मी म्हटलं, अरे, तो तर दिग्दर्शकाचा निर्णय असेल.

"सर, हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत जाऊन व्हायलिनवाल्यायची अख्खी फौज वाजवून आनली त्यायनं. मनात आनलं असतं तर वाजवता येत नव्हतं काय? जे वाजवलं नाही, थेही त्यायनंच नाही वाजवलं."

भक्ती म्हणजे काय याबद्दल बरेच ग्रंथ आहेत. मला त्या काळ्यापिवळ्या गाडीत बसून जेवढं कळलं तेवढं त्यांत सापडलं नाही.

त्याच सप्टेंबरात जिओ आलं. इंटरनेट फुकट झालं आणि महिनाभरात ग्रुप भरला. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ माणसांपेक्षा जास्त घेत नव्हतं. त्यामुळं एका वहीत प्रतीक्षा यादी सुरू झाली. कुणी ग्रुप सोडला, कुणाचा नंबर बदलला, की यादीतला पुढचा आत. लोक दुकानात येऊन विचारायचे, "भाऊ, माहा नंबर कितवा?" एकानं तर मरणाच्या दारी असलेल्या सदस्याची विचारपूस इतक्या आस्थेनं केली, की अ‍ॅडमिनभाऊनं त्याला यादीच्या तळाशी नेऊन टाकलं. (आजारी सदस्य ठणठणीत आहे. अजून रोज तीन गाणी टाकतो.) २०२२मध्ये मर्यादा आधी ५१२, मग १०२४ झाली आणि यादी संपली. त्या दिवशी अ‍ॅडमिनभाऊ उदास होता. दार सताड उघडं असलं की दाराशी उभ्या माणसाला कुणी विचारत नाही.

सदस्यांची नावं त्यानं आपल्या पद्धतीनं साठवली आहेत. आईबापांनी ठेवलेली नावं त्याच्या उपयोगाची नाहीत. 'पुणे कोरस' हा पुण्यात मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पूर्वी कुठल्याशा गाण्याच्या कोरसमध्ये आपण उभे होतो असा त्याचा दावा आहे. ते गाणं कोणतं, हे तो दरवेळी वेगळं सांगतो. 'दुबई वायरिंग' हा टुनकीकडचा इलेक्ट्रिशियन. 'वरवट बेंजो' बेंजो पार्टीत आहे आणि ग्रुपमधला एकमेव माणूस आहे ज्याला खरोखर काहीतरी वाजवता येतं. म्हणून त्याचं मत कुणी विचारत नाही. 'न्यू जर्सी तबला' मूळ अकोटचा. 'पातुर्डा ताई' कधी बोलत नाहीत, पण गाण्याचं साल चुकलं की पाच मिनिटांत दुरुस्ती पाठवतात. मी 'सर ओटीपी'.

आणि एक आहे 'धुरा'.

धुरा म्हणजे आमच्याकडं शेताचा बांध. या नावानं साठवलेला माणूस अ‍ॅडमिनभाऊचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांच्या शेतामधल्या धुऱ्याची मोजणी बरीच वर्षं चालू आहे, त्याबद्दल मी इथं लिहीत नाही. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच्या घरी लग्न असलं की दुसऱ्याला हटकून खामगावला काम निघतं. ग्रुपमध्ये मात्र दोघंही आहेत. अ‍ॅडमिनभाऊनं 'नटरंग'वर काही लिहिलं की खाली धुऱ्याचा अंगठा येतो. धुऱ्यानं 'खेळ मांडला' टाकलं की अ‍ॅडमिनभाऊचे जोडलेले हात. बोलणं नाही, बाकी सगळं रीतसर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भावाभावांच्या वाटणीचे सातबारे छापणारा माणूस रात्री दोन सख्ख्या भावांच्या मधल्या रेघेसाठी लोकांना ग्रुपबाहेर काढतो, हे मला उशिरा उमगलं. मी ते त्याला बोलून दाखवलं नाही. माझा विमा अजून मंजूर व्हायचा होता.

मोठा कोण, हा या घराण्यातला नाजूक विषय. अतुल गोगावले यांचा जन्म ११ सप्टेंबर १९७४चा, अजय यांचा २१ ऑगस्ट १९७६चा. थोरला अतुल, पण नाव येतं मागून. अ‍ॅडमिनभाऊ स्वतः थोरला. "मोठ्यानं मांगं राहाचं, हेच हाये जगात," असं तो म्हणतो तेव्हा विषय संगीताचा नसतो. एकदा पातुर्डा ताईंनी कळवलं की यात अन्याय काही नाही, वर्णमालेच्या क्रमात 'ज' हा 'त'च्या आधी येतो म्हणून अजय आधी. त्यानं त्यांचे आभार मानले. पण समाधान झालेलं दिसलं नाही. वर्णमालेवर त्याचा संशय तेव्हापासून आहे.

२१ ऑगस्ट ते ११ सप्टेंबर हा त्याचा उत्सव. मधे कधी पोळा येतो, कधी गणपती बसतात. ते त्यांच्या जागी. एका पोळ्याला शेजाऱ्यानं प्रेमानं आपल्या जोडीतल्या एका बैलाच्या पाठीवर 'अजय' आणि दुसऱ्याच्या पाठीवर 'अतुल' असं रंगवलं. अ‍ॅडमिनभाऊ तोरणाखाली येऊन बघत राहिला. चिडतो की काय असं सगळ्यांना वाटलं. तो पुढं झाला, दोन्ही बैलांना हात जोडले आणि मालकाला म्हणाला, "रंग बराबर हाये, जोडी उलटी बांधली. मोठा इकडून पाहिजे." अख्खं पोळ्याचं मैदान थांबलं, बैल सोडले, पुन्हा जुंपले. बैल सवयीच्या बाजूला नव्हते. पुढं जे झालं त्यात एका मंडपाचं नुकसान आहे.

ग्रुपमध्ये उघड दोन पक्ष आहेत. अजयपक्ष मोठा, कारण गाणारा कानावर पडतो. 'खेळ मांडला' आणि 'याड लागलं' ही अजयच्या आवाजातली गाणी त्यांच्या बाजूनं. अतुलपक्षात अ‍ॅडमिनभाऊ आणि थोडे थोरले भाऊ. जाहीरपणे तो तटस्थ आहे. अ‍ॅडमिनला पक्ष नसतो. पण वाद टोकाला गेला की खिशातून हुकमाचं पान निघतं: 'झिंगाट'. ते दोघांनी गायलंय. कानात एकाच बाजूचा इअरफोन घालून, डोळे मिटून तो सांगतो, कुठं कोण आहे. "हा. हा अतुलभाऊ. आता अजयभाऊ. आता दोघं. आता पुन्हा अतुलभाऊ." अजयपक्ष म्हणतो, हे कशावरून? मग 'वरवट बेंजो' काहीतरी लिहायला घेतो आणि सगळे त्याला गप्प करतात.

वाचनात त्याला कुठंतरी असं मिळालं की गोगावले बंधूंचे वडील महसूल खात्यात होते. त्यांच्या बदल्या होत आणि त्यासोबत पोरांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर असं पुणे जिल्ह्यात फिरत राहिलं. हे कळल्यापासून अ‍ॅडमिनभाऊला चैन नाही.

"महसूलमदेच होते ना? मंग एक बदली इकडं काहून नाही झाली?"

मी समजावलं, ते पुणे विभागातले, आपण अमरावती विभागात, विभाग सोडून अशी बदली सहजी होत नाही.

"एक साल, सर. एक खरीप. इथलं डफडं त्यायनं लहानपनी आयकलं असतं, तं आज कुठं असते थे!"

ते आज जिथं आहेत तिथून आणखी कुठं जायचं राहिलंय, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही. पण या शोधाचा एक परिणाम झाला. तहसीलवर त्याची नजर असते. नवा तलाठी, नवा मंडळ अधिकारी, नवा नायब तहसीलदार रुजू झाला की पहिल्या दिवशी हा चहा घेऊन हजर. दोन इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारतो, "सायेब, लेकरं किती?"

"दोन."

"दोन्ही पोरं?"

"हो. का?"

"कायी वाजवते का?"

एका नायब तहसीलदारांना हा कुटुंबकल्याणचा सर्वेक्षक वाटला आणि त्यांनी घाबरून सगळी माहिती दिली. एका तलाठ्याची दोन पोरं शाळेत माझ्याच वर्गात होती. मधल्या सुट्टीत ती डबा बडवायची. मी सहज बोलून गेलो, तर दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिनभाऊ शाळेच्या खिडकीशी. संध्याकाळी ग्रुपवर संदेश: 'तालुक्यात दोन मुलं सापडली आहेत. धाकट्याचा हात हलका आहे. लक्ष ठेवून आहे.' दुबईहून अभिनंदन आलं. पुढच्या उन्हाळ्यात तलाठ्याची बदली झाली. अ‍ॅडमिनभाऊनं त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

या सगळ्याकडं गावातले एक जुने काका फार वरून बघतात. ते लक्ष्मीकांत-प्यारेलालवाले. त्यांच्या काळी फर्माईश पोस्टकार्डावर जायची. विविध भारतीवर आपलं नाव यावं म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं त्यात घालायची, शाळेत न जाणाऱ्या धाकट्या बहिणीपासून मेलेल्या आजोबांपर्यंत. "तिकडं झुमरीतलैयात कोन कोन राह्यते, हे आमाले पाठ होतं," काका सांगतात. "चेहरा नाही पाह्यला कोनाचा. नाव नाही आलं का वाटे, आजारी हाये का काय." अ‍ॅडमिनभाऊ त्यांना ग्रुपमध्ये घ्यायला तयार आहे. काका यायला तयार नाहीत. त्यांच्या मते आडवी रेघ लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल यांच्यासाठी राखीव आहे.

न्यू जर्सीनं एक वेळ मात्र ग्रुप मोडायची पाळी आणली. त्यानं सहज लिहिलं की अमेरिकेतही अशी एक जोडी होती, सायमन आणि गार्फंकल. लोकगीताच्या वळणाची गाणी, साधी गिटार. १९६४ची त्यांची पहिली तबकडी कुणी घेतली नाही. मग निर्मात्यानं त्यांना न विचारता त्यातल्या एका गाण्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं.

"न इचारता ढोल टाकला?" अ‍ॅडमिनभाऊनं लिहिलं. "बरं केलं."

पुढं न्यू जर्सीनं लिहिलं: '१९७०मध्ये दोघं वेगळे झाले.'

ग्रुपवर शांतता. मग अ‍ॅडमिनभाऊचा संदेश: 'कशावरून?' न्यू जर्सीनं कारणं दिली. मग: 'वाटणी कोनी केली?' मग: 'मोठा कोन होता?' न्यू जर्सीनं कळवलं की ते भाऊ नव्हते, शाळेपासूनचे मित्र होते, आणि वयात महिन्याचंही अंतर नव्हतं. इकडं थोडा जीव भांड्यात पडला. मित्रांचं काय, आज आहेत उद्या नाहीत. शेवटी न्यू जर्सीनं सारवासारव म्हणून लिहिलं की १९८१ साली दोघं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका कार्यक्रमापुरते एकत्र आले, तर पाच लाख माणूस लोटलं.

आमच्या लोकांना या आकड्याचं काही वाटलं नाही. प्रकटदिनाला शेगावात काय कमी येतात! पण रात्री उशिरा धुऱ्यानं त्या १९८१च्या संदेशाला अंगठा दिला. त्याखाली अ‍ॅडमिनभाऊनं काहीच दिलं नाही. सकाळी जोडलेले हात दिसले.

शेगावचाच विषय निघाला तर तिथली भेट सांगायला हवी. एका हिवाळ्यात न्यू जर्सी आईवडिलांकडं आलेला, दुबई सुट्टीवर, पुणे कोरसला रजा मिळालेली. ठरलं की सगळ्यांनी शेगावला जमायचं. पुणे कोरस महाराष्ट्र एक्स्प्रेसनं उतरणार, आम्ही त्याला फलाटावर घ्यायचं. अडचण अशी झाली की इतक्या वर्षांत कुणी कुणाचा चेहरा पाहिला नव्हता. सगळ्यांच्या फोटोच्या जागी अजय-अतुल. गाडी आली, गेली, फलाट रिकामा होत चालला. पाच-सहा माणसं अंतरा-अंतरानं उभी, प्रत्येकाची मान मोबाइलमध्ये, आणि ग्रुपवर संदेश: 'पोहोचलो', 'कुठं आहात', 'मी पाण्याच्या नळाजवळ', 'मीही'. नळाजवळ दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी होती. शेवटी अ‍ॅडमिनभाऊनं पुणे कोरसला फोन लावला. फलाटावर 'मल्हारवारी' वाजली. लगेच पाचही जणांनी आपापला मोबाइल बाहेर काढला, कारण पाचही जणांची रिंगटोन तीच होती. ओळख पटली.

आधी कचोरी झाली. मग एकाच्या शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी. समोरासमोर आल्यावर कुणाला काही बोलायला सुचेना. ग्रुपवर रात्री दोनपर्यंत सनईवर भांडणारे लोक एकमेकांना "घ्या, घ्या, संकोच करू नका" असं म्हणत होते. पंगतीत धुरा एका टोकाला, अ‍ॅडमिनभाऊ दुसऱ्या टोकाला. मधे पुणे, दुबई आणि न्यू जर्सी बसवून त्यांनी हद्द कायम केली होती. वरवट बेंजोनं जेवणानंतर वाद्य काढलं आणि तासभर वाजवलं. तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसून ऐकत होते. चांगलं वाजवलं त्यानं. परतताना अ‍ॅडमिनभाऊ म्हणाला, "हात बरा हाये त्याचा. ग्रुपवर मातर बोलू देऊ नये."

अ‍ॅडमिनभाऊची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, या सगळ्यात नाहीत. त्यांनी ग्रुप मुका करून ठेवलाय. शेतीचं सगळं त्या बघतात. दुकान त्याचं, पऱ्हाटी त्यांची. एकदा मी बसलेलो असताना त्यांनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "त्या दोघायले तरी माईत हाये काय, तुमी हा म्हनून?"

"त्यायले कायले माईत पाह्यजे?" अ‍ॅडमिनभाऊ म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाकडं.

मागच्या थंडीत पुणे कोरसला अजय-अतुलच्या एका कार्यक्रमाचं तिकीट मिळालं. त्यानं जाहीर केलं की तिथून व्हिडिओ कॉल करणार. एका कॉलवर ३२ माणसं. म्हणजे प्रतीक्षा यादीची वही पुन्हा निघाली. अ‍ॅडमिनभाऊ चार दिवस तरुण दिसत होता. कार्यक्रमाच्या रात्री आम्ही त्याच्या गच्चीवर, घोंगडी पांघरून. नेटवर्क सतत जाई-येई. कॉल लागला आणि दिसलं एका माणसाचं डोकं. मागून. ते डोकं बराच वेळ दिसत राहिलं. पहिलं गाणं त्यातच गेलं. मग पुणे कोरसला रडू आलं आणि त्यानं मोबाइल खिशात ठेवला. पुढचा कार्यक्रम आम्ही बाकी सगळ्यांनी त्याच्या खिशातून ऐकला. कापडाची सळसळ, टाळ्या, आणि कुठं दूर तळाशी ढोल. कुणीही कॉल सोडला नाही. अ‍ॅडमिनभाऊ मधेच बोट वर करून सांगत होता, "इथं संबळ." मला ती किल्ल्यांची जुडगी वाटली.

शेवटी क्षणभर मोबाइल बाहेर आला, उजेड झाला, मंचाच्या कडेला काळ्या कपड्यातला एक माणूस दिसला. अ‍ॅडमिनभाऊनं पडद्याचा फोटो मारला. फोटोत अर्धा अंगठा पुणे कोरसचा, अर्ध्यात धूर, आणि त्या धुरात तो माणूस.

"अतुलभाऊ," अ‍ॅडमिनभाऊ म्हणाला.

अजयपक्षानं लगेच लिहिलं की हा तर वायरी उचलणारा पोरगा आहे. दुबईनं व्यावसायिक मत दिलं की हातात केबल आहे. रात्री एक वाजता अ‍ॅडमिनभाऊनं ग्रुपवर मतदान लावलं: 'फोटोतली व्यक्ती अतुलभाऊ आहेत काय? होय. नाही.' सकाळपर्यंत चुरस झाली. 'होय'मध्ये पहिलं मत धुऱ्याचं होतं. 'नाही'त पातुर्डा ताई, दुबई, वरवट बेंजो आणि, यादी शेवटपर्यंत पाहिल्यावर दिसलं, वहिनी.

इतकी वर्षं मुका ठेवलेला ग्रुप त्यांनी त्या रात्री उघडला होता. अ‍ॅडमिनभाऊनं त्यांना जागच्या जागी काढून टाकलं. सकाळी चहा आला नाही. दुपारी डबा दुकानात पोहोचला नाही. संध्याकाळी त्यांना परत घेतलं, आणि तडजोडीत जे कबूल करावं लागलं त्याप्रमाणं, अ‍ॅडमिन करून घेतलं.

वहिनींनी पहिल्याच दिवशी अधिकार वापरला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एक सोय आहे, फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील अशी. ती त्यांनी चालू केली आणि खाली सूचना लिहिली: 'तूर सोंगून घरात येईपर्यंत ग्रुप बंद राहील.' फोटोवरचा वाद अर्धवट थांबला. अ‍ॅडमिनभाऊ स्वतः लिहू शकत होता, पण तो शेतात होता. त्याच्या पलीकडच्या तासात, धुऱ्याच्या त्या अंगाला, आणखी एक माणूस विळा घेऊन उतरलेला मी सायकलवरून जाताना पाहिला. मजूर मिळत नाहीत, असं तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मला दुबईहून खासगी संदेश आला. त्यामागोमाग न्यू जर्सीहून, मग पुण्याहून. तिघांचाही प्रश्न एकच होता: 'सर, तुमच्याकडं तूर नक्की केव्हा निघते?'